गाड्या नसलेला स्टँड

चौगुले गेले तो सोमवार होता. मॉल अकराला उघडला. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या पत्नी इंदूवहिनी दोन नंबरच्या गेटमधून आत आल्या आणि बाकावर बसल्या. चौगुले बरोबर नव्हते. मी विचारलं, "वहिनी, चौगुले कुठं आहेत?" त्या म्हणाल्या, "झोपल्यात." शेजारच्या ठेल्यावरचा रफिक रिक्षा करून त्यांच्या घरी गेला. बाराला त्याचा फोन आला.

फोन ठेवल्यावर मी वहिनींच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना सांगायला हवं होतं. कसं सांगायचं ते समजत नव्हतं, आणि सांगितलं तर किती पोचेल तेही माहीत नव्हतं. नंतर उलगडलं ते इतकंच, की रोजचा रिक्षावाला नेहमीच्या वेळेला दारात उभा राहिला, वहिनी एकट्याच बाहेर आल्या आणि रिक्षात बसल्या. काका मागून येतील असं त्याला वाटलं. ज्या बाईला स्वयंपाकघरातून न्हाणीघराची वाट सापडत नव्हती, ती त्या दिवशी बरोबर मॉलमध्ये आली. असं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

चौगुले आमच्या मॉलच्या चौकशी काउंटरवर बसत. त्याआधीची सगळी नोकरी एसटी स्टँडवर, वाहतूक नियंत्रक म्हणून. म्हणजे काचेमागं बसून माइकवर गाड्या सांगणारे. जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांनी त्यांचा आवाज ऐकलेला आणि चेहरा जवळजवळ कुणीच पाहिलेला नाही. काउंटरवर आलेला एखादा म्हातारा, त्यांनी "बोला" म्हटलं की थबकायचा.

"पावणं, तुमचा आवाज कुटं तरी ऐकलाय की."

"ऐकला असशीला. गाडी चुकली असंल तवा."

त्यांना बरं वाटायचं, पण ते दाखवायचे नाहीत. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. वेळ बघायची म्हणजे ते मूठ छातीशी आणत. बोलण्याच्या दोन भाषा होत्या. माइकवर शुद्ध, आणि माइक बंद केला की कोल्हापुरी. बटण दाबण्याआधी ते एकदा खाकरत आणि पाठ ताठ करत. मॅनेजरनं त्यांना बजावलं होतं, इथं 'प्रवासी' म्हणायचं नाही, 'ग्राहक' म्हणायचं. त्यावर त्यांनी 'प्रवासी ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे' असा मध्यममार्ग काढला आणि तो शेवटपर्यंत चालवला.

कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी या मॉलमध्ये तळमजल्यावर पुस्तकांचा एक छोटा गाळा घेतला. समोर चौकशी काउंटर, शेजारी रफिकचा स्वीट कॉर्नचा ठेला. माझ्याकडं पुस्तकं कमी खपत आणि स्वच्छतागृहाचा पत्ता जास्त विचारला जाई. पहिल्या वर्षी मला याचं वाईट वाटायचं. चौगुल्यांनी माझी समजूत काढली ती त्यांच्या पद्धतीनं.

"बाई, मॉल म्हंजे काय? गाड्या नसलेला स्टँड. लोकं येत्यात, बसत्यात, पानी पित्यात, एकमेकाला हुडकत्यात आनि जात्यात. स्टँडवर कोन पेपर घेतंय, कोन चिक्की घेतंय. तसं हितं कापडं घेत्यात. खरेदीसाठी स्टँडवर येतंय व्हय कोन?"

ते खोटं नव्हतं. जोतिबाहून परतणाऱ्या गाड्या आमच्याकडं थांबत आणि कपाळभर गुलाल घेऊन माणसं आत येत. लग्नाचा बस्ता बांधायला कागलकडचं सगळं घर यायचं, पंचवीस माणसं आणि त्यातली खरेदी करणारी तीन. बाकीची गार हवेत बसायची. सरकत्या जिन्यानं वर जायची, साध्या जिन्यानं खाली यायची, परत वर जायची. कारंज्याच्या कठड्यावर भाकरी सोडायची आणि वॉचमन आला की त्यालाच "बस, खा की चतकोर" म्हणायची. एवढ्या मोठ्या इमारतीत माणसं हरवत. हरवली की चौगुल्यांकडं येत.

एका दुपारी बिद्रीकडची एक आजी आली. गावातली जीप भरून आली होती, तीत ती आणि तिचा नवरा. जिन्यापाशी दोघांची चुकामूक झाली.

"आमचं मालक हरवल्यात," ती म्हणाली.

"नाव सांगा आजी, आत्ता बोलवतो."

"कुनाचं नाव?"

"मालकांचं की."

आजीनं पदर तोंडाला लावला. "अगं बया! आमी न्हाय घेत नाव."

"मग काय पुकारू? म्हातारं हरवलंय म्हनून? हितं पंधरा म्हातारी फिरत्यात."

"लाल पटक्याचं म्हना."

"लाल पटक्याची बी चार हाईत."

रफिक ठेल्यावरनं ओरडला, "आजी, कागदावर लिवून द्या!"

"मला लिवाय येत असतं तर तुझ्या दारात उबी ऱ्हायली असती व्हय रं?"

चौगुल्यांनी थोडा विचार केला, खाकरले, आणि माइकची मान आजीकडं वळवली. "उखान्यात घ्या. उखान्याला कुनाची ना नसतीया."

आजी लाजली, पण नवऱ्याची काळजी मोठी होती. तिनं डोळे मिटले, हात जोडले, आणि तिन्ही मजल्यांवर तिचा आवाज गेला:

"आपसूक चढतोय जिना, बिनपंख्याचा वारा,
ज्ञानदेवरावांचं नाव घेते, हुडका माझा म्हातारा!"

मग वरच्या मजल्यावरून शिट्ट्या आल्या. पाच मिनिटांत काउंटरवर तीन ज्ञानदेव हजर झाले. पहिले बायकोला घेऊनच आले होते आणि रागात होते. "कोन बोलावतंय मला? माजी तर ही हितं हाय!" आजीनं दोघांना, मंडईत वांगी बाजूला सारावीत तसं हातानंच सारलं. तिसरे लाल पटक्याचे. ते तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "साऱ्या मॉलात नाव घेटलंस की गं. लग्नात सुदिक घेटलं न्हवतंस."

चौगुल्यांनी पाठ ताठ केली. "प्रवासी ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. ज्ञानदेव सापडलेले आहेत. उरलेल्या ज्ञानदेवांनी आपापल्या कामास जावे. त्यांच्या सहकार्याबद्दल आभार."

हे सगळं सुरू असताना इंदूवहिनी समोरच्या बाकावर बसलेल्या होत्या आणि सगळे हसले तेव्हा त्याही हसल्या.

त्या रोज येत. चौगुले त्यांना घेऊन येत आणि घेऊन जात. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनींचं विसरणं सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्यांना घरात एकटं ठेवता येत नव्हतं. एकदा त्या निघून गेल्या आणि पंचगंगेच्या घाटावर सापडल्या, दुसऱ्यांदा कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत. त्यानंतर चौगुल्यांनी काउंटरची नोकरी धरली. मला आधी वाटलं होतं, घरी करमत नाही म्हणून हा माणूस या वयात काम करतो. तसं नव्हतं. काउंटरवरून बाक दिसतो, एवढ्यासाठी त्यांनी ती नोकरी घेतली होती.

सकाळी आले की ते आधी बाकावर रुमाल टाकत, मग वहिनींना त्यावर बसवत. मध्ये कधी त्या उठल्या तरी रुमाल तिथं राही. रविवारी मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे, लोक कुंड्यांच्या काठावर बसत, पण त्या रुमालावर कुणी बसलेलं मी पाहिलं नाही. आमच्या भागातली माणसं एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल मानतात. इथंही मानत.

दिवसातून दोन-तीनदा चौगुले माझ्यासमोर येऊन उभे राहत आणि जमिनीकडं बघत म्हणत, "बाई, जरा मंडळींना घिऊन जाताय का?" मी वहिनींना स्वच्छतागृहात घेऊन जाई. आमची ओळख एवढ्याच वाटेवरची.

आणि मग ती घोषणा सुरू झाली.

एका दुपारी चार वाजता स्पीकरवर आवाज आला: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कागलकडे जाणारी गाडी अद्याप फलाटावर लागलेली नाही. प्रवाशांनी आपल्या जागेवर बसून राहावे. गाडी लागताच सूचना देण्यात येईल."

पोरं हसली. पण सात-आठ माणसं उठली, त्यांनी पिशव्या उचलल्या आणि दोन नंबरच्या गेटपाशी रांगेत उभी राहिली. "मॉलनं गाडी चालू केली व्हय?" एकानं वॉचमनला विचारलं. एक बाई मागं राहिलेल्या नवऱ्याला सांगत होती, "पळा फुडं, जागा धरा." चौगुले स्वतः काउंटर सोडून गेले आणि त्यांना परत घेऊन आले. रांगेतल्या एका माणसाचं म्हणणं होतं की घोषणा झाली म्हणजे गाडी येणारच, तो थांबतो. तो अर्धा तास थांबला.

मला वाटलं, तीस वर्षांची सवय, एकदा तोंडातून गेलं. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. रफिक म्हणाला, "बाई, कंट्रोलरचं इंजान गरम झालंय." मलाही तीच शंका आली.

चार-पाच दिवसांनी मी वहिनींना घेऊन स्वच्छतागृहात गेले होते, तेव्हा त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. ती पकड अजून माझ्या हाताला आठवते. "गाडी लागली का वो? मी जातो. आई वाट बघत असंल." त्या मला दाराकडं ओढू लागल्या. मला आवरेनात. तेवढ्यात आतल्या स्पीकरवर चौगुल्यांचा आवाज आला, की कागलकडे जाणारी गाडी अद्याप लागलेली नाही. वहिनींची बोटं सैल झाली. त्या माझ्याकडं वळल्या आणि माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाल्या, "न्हाय लागली अजून. बसूया."

मी बाहेर आले आणि चौगुल्यांकडं पाहिलं. त्यांना कळलं की मला कळलं आहे.

"रोज चारला उठती," ते म्हणाले. "माहेरला, कागलला जायाचं म्हनती. माहेर ऱ्हायलंय कुटं? समजावलं तर रडती. गाडी न्हाय म्हटलं की बसती. पर माज्या तोंडचं ऐकत न्हाय. स्पीकरवरचं ऐकती."

असा तो प्रकार होता. एका बाईला बाकावर बसवण्यासाठी ते रोज साऱ्या मॉलला खोटी गाडी सांगत होते.

हे फार दिवस चालणार नव्हतं. कुणीतरी त्या घोषणेची रील केली, ती फिरली आणि मॅनेजरपर्यंत गेली. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तिशीचा, पुण्याहून आलेला. "काका, हा मॉल आहे. स्टँड नाही," तो म्हणाला. चौगुले "व्हय" म्हणाले. पुढच्या महिन्यापासून रेकॉर्ड केलेल्या घोषणा येणार असं ठरलं. तीन भाषांत, बाईच्या आवाजात. माइक काढून टाकायचा.

त्या संध्याकाळी चौगुले माझ्या गाळ्यात आले. ते कधी आत येत नसत. पुस्तकांकडं बघत उभे राहिले.

"नोकरीचं काय न्हाय, बाई. गेली तर गेली. पर मग घरात कडी घालाय लागंल. मी भाजी आनाय गेलो तरी बाहेरनं कडी. मी तिला कडी घालनार न्हाय."

गाळेवाल्यांनी मिळून अर्ज द्यायचा ठरवलं आणि तो लिहायचं माझ्याकडं आलं. चौगुल्यांची अट होती: "मंडळींचं नाव त्यात नको. दयेवर बसलोय असं नको." मी ती मानली. आता विचार करते तेव्हा मानायला नको होती असं वाटतं, आणि लगेच वाटतं की दुसरं काय करणार होते? खरं कारण सोडून दुसरी कारणं शोधायची होती. मी लोकभाषेबद्दल लिहिलं, ग्रामीण ग्राहकांच्या सोयीबद्दल लिहिलं. एक शब्द बदलला की पुढचं वाक्य बदलावं लागे. चार दिवस गेले. रफिक रोज येऊन डोकावायचा. "बाई, तुमचं पत्र व्हईस्तोवर मॉल पाडून नवा बांधत्याल." शेवटी दोन पानं झाली. मॅनेजरनं ती उभ्याउभ्या वाचली.

"भाषा फार सुंदर आहे. कोणी लिहिलंय?"

उत्तराची वाट न बघता तो म्हणाला, यंत्रणेचे पैसे भरून झाले आहेत, मागच्याच आठवड्यात. काकांना काउंटरवर बसू दे, पत्ते सांगू दे. माइक मात्र जाईल.

मागच्याच आठवड्यात, म्हणजे मी पहिल्या पानावर होते तेव्हा. का त्याच्याही आधी? मी ते विचारलं नाही.

माइक गेला. पहिल्या दिवशी चार वाजता स्पीकरवर एका मुलीचा गोड आवाज आला आणि तिनं वरच्या मजल्यावरच्या सवलतींची माहिती दिली. वहिनी उठल्या. चौगुले काउंटरमागून बाहेर आले, बाकापाशी गेले, खाकरले, पाठ ताठ केली. मग वाकून, वहिनींच्या कानाशी हाताचा पोकळ द्रोण करून, त्यांनी सगळी घोषणा सांगितली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, इथपासून. वहिनींनी मान वळवली नाही. समोर, दूर कुठून तरी आवाज येतो आहे असं बघत त्यांनी ती ऐकली आणि त्या बसल्या.

रोज असं होऊ लागलं. आजूबाजूचे लोक थांबून बघत आणि आपल्या वाटेनं जात. रफिक त्या वेळी मक्याच्या भांड्यावर झाकण ठेवून उभा राहायचा. आवाज होऊ नये म्हणून.

इथपर्यंतचं मला समजतं. पुढचं समजत नाही.

वहिनींची एक भाची आहे, सुनीता. ती कागलला असते. तिच्या मुलाच्या बारशाला ती वहिनींना दोन दिवस घेऊन गेली. चौगुले एकटे कामावर आले. आल्या आल्या बाकावर रुमाल टाकला. मी म्हटलं, "आज कशाला?" ते म्हणाले, "जागा जाती." दुपारी चार वाजता ते काउंटरमागून बाहेर आले. बाकापाशी गेले. खाकरले, पाठ ताठ केली, वाकले, आणि रिकाम्या जागेपाशी हाताचा द्रोण करून त्यांनी घोषणा सांगितली. पूर्ण.

सरळ होताना त्यांना मी दिसले.

"सवय, बाई," ते हसून म्हणाले.

मी मान हलवली. ते काउंटरकडं निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"आनि गाडी खरंच लागली न्हाय न्हवं अजून?"

चेष्टा होती का? ते चेष्टा करत, पण चेष्टेनंतर समोरच्याच्या तोंडाकडं बघत. त्या वेळी त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते गेटकडं बघत होते. ते त्या घोषणेनं वहिनींना बसवत होते, की त्या बसल्या म्हणून तेही बसू शकत होते? त्यांच्याही आत काही सुटत चाललं होतं आणि आम्ही त्याला सवय म्हणत होतो का? मी रोज दहा पावलांवर होते. पुस्तकांतल्या माणसांबद्दल मला असं काही विचारलं असतं तर मी लगेच उत्तर दिलं असतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते रविवारी संध्याकाळी. सुनीतानं वहिनींना परत आणून सोडलं होतं. गर्दी फार होती. चौगुल्यांनी रुमाल घडी घालून खिशात ठेवला, वहिनींचा हात धरला आणि निघाले. कारंज्यापाशी दोन्ही गेटांच्या वाटा फुटतात. तिथं ते थांबले. चौगुल्यांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, मूठ छातीशी आणून घड्याळ पाहिलं. एवढा वेळ त्यांना लागत नसे. मी गाळ्यातून बाहेर येणार होते. तेवढ्यात वहिनी दोन नंबरच्या गेटकडं चालू लागल्या आणि धरलेल्या हातानं चौगुले त्यांच्या मागून गेले. एक पोरगं फुगा घेऊन मध्ये आलं, आणि मग ती दोघं दिसली नाहीत.

दहाव्यानंतर सुनीता वहिनींना कागलला घेऊन गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. "बाई, काका मावशीला काय सांगत व्हते चार वाजता? ती ऐकंना. दाराला धडका देती." मी ती घोषणा कागदावर लिहिली आणि फोनवरून तिला उतरवून दिली. तिनं ती वाचून दाखवली. वहिनींनी विचारलं, "तू कोन?" मग मीच गेले. चार वाजता वाकून, हाताचा द्रोण करून, शब्द न चुकता मी सगळं सांगितलं. वहिनींनी माझ्याकडं कणवेनं पाहिलं. "बाई, तुमाला गाड्यांतलं काय कळतंय?" त्या म्हणाल्या आणि दाराकडं गेल्या.

सुनीतानं कडी घातली नाही. तिनं चपला घातल्या, मूल छातीशी घेतलं आणि मावशीबरोबर घराबाहेर पडली.

मॉल सुरू आहे. चौकशी काउंटरच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचा ठेला आहे. इंदूवहिनी कागलला भाचीकडं असतात. रोज चार वाजता सुनीता त्यांना एसटी स्टँडवर घेऊन जाते. त्या तासभर बाकावर बसतात, गाड्या येतात-जातात ते बघतात आणि पाच वाजता घरी परत येतात.